डब्याला हात लावायचा नाही

साहेबांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं. त्याआधी, रविवारी, आईला सांगायचं होतं. साहेबांचं काय, ‘हो’ म्हटलं की झालं. आईचं जड होतं.

मी नेटवर्कवाली. भाज्या आणि मासे गोठवून ठेवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामांतली यंत्रं एकमेकांशी बोलती ठेवते. माझ्याशी मात्र दिवसभर कुणी बोलत नाही. या परक्या देशात शिरायला गुण लागतात: वयाचे, भाषेचे, अनुभवाचे. पत्रिका जुळवतानाही माझे एवढे गुण कुणी तपासले नव्हते. मला थोडे कमी पडले, तर म्हणाले, लांबच्या गावात राहायला जा, वरचे देतो. आले बापडी. गाव असं, की रविवारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. गॅरेजच्या वर माझी खोली. पलंग, टेबल, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची कुणासाठी घेतली देव जाणे. तिच्यावर मी धुतलेले कपडे टाकते.

निघताना आईला म्हटलं होतं, तीन वर्षं फक्त, मग कायमची परत. तीन वर्षं संपत आली आणि साहेबांनी बोलावलं. कायमच्या परवान्यासाठी कंपनी माझं नाव पुढे करायला तयार होती, पण मी इथेच राहणार असेन तर. सोबत नवरा आणि मुलं आणता येतात. ती मला नाहीत. आई आहे, तर ती यांच्या हिशेबात कुटुंबात बसत नाही. वा रे वा! ज्या बाईने एकटीने मला वाढवलं ती पाहुणी, आणि जो नवरा जन्मालाच आला नाही त्याला जागा राखून.

पण खरं सांगायचं तर मला राहायचं होतं. तिकडच्या कंपनीत मला यंत्रांच्या खोलीत पाय ठेवू देत नव्हते, नुसती तक्रारींचे फोन घ्यायला बसवली होती. इथे रात्री काही बंद पडलं तर सकाळी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. ते मला आवडतं. आणि नेमकं हेच आईपुढे बोलताना माझी दातखीळ बसत होती.

आईला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते, आणि असे वाचते की मनातल्या मनात दिलेली शिवीसुद्धा पकडते. तिला मोबाइलचा कंटाळा, म्हणून बोलताना माझे ओठ दिसावेत असा मोठा पडदा मी निघण्याआधी तिच्या खुर्चीसमोर लावला. मागे राउटर, म्हणजे इंटरनेटचा काळा डबा, आणि वीज गेली तरी तो बंद पडू नये म्हणून बॅटरी. वर ताकीद दिली: “आई, या काळ्या डब्याला कुणीही हात लावायचा नाही. तू नाही, वहिनी नाही, प्रत्यक्ष देव आला तरी नाही.” वहिनी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई.

रविवारी वेळेआधीच टेबलाशी बसले. म्हटलं, तोवर आईच्या राउटरचं एक राहिलेलं काम उरकून टाकू. कठीण बोलायचं असलं की मला असली कामं बरोबर आठवतात.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. लांबच्या यंत्रात बदल करायचा, तर आधी त्याला बजावून ठेवायचं: थोड्या वेळात माझा आवाज आला नाही, तर तू आपोआप बंद होऊन चालू हो आणि जुन्या जागी परत ये. कामावर हे मी झोपेतही करते. घरच्या डब्याला कशाला, म्हणून केलं नाही. बदल टाकला, बटण दाबलं, आणि माझ्यासमोरचा पडदा थिजला. बाहेरचा रस्ताच मी बंद केला होता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड, आणि वर इंजिनियर म्हणवते!

डबा एकदा बंद करून चालू केला असता तर जुनं सगळं जसंच्या तसं परत आलं असतं. पण बॅटरी लावून तो बंदच पडू नये अशी सोयही मीच केली होती. वहिनींना फोन लावून डब्याची वायर काढायला सांगितली.

त्या खाली गेल्या आणि लगेच त्यांचा फोन आला. “अगं, तुझी आई मला जवळ फिरकू देईना! डब्यापुढे हात पसरून उभी आहे. म्हणते, लेकीने सांगितलंय.”

“तुमच्या फोनवरून मला दाखवा तिला.”

फोनवर आई आली. केस विंचरलेले, ठेवणीतली साडी, आणि खरंच दोन्ही हात पसरलेले. मला बघून तिने ते खाली घेतले.

“आई, डब्याची वायर काढ आणि परत लाव. बॅटरीकडची.”

“तूच म्हणालीस ना, देवालाही हात लावू द्यायचा नाही?”

“मी म्हणतेय आता, काढ.”

ती हलली नाही. “आधी मला एक सांग. गेले कित्येक दिवस मी विचारते, केव्हा येतेस, की तू चहाचा कप तोंडापुढे धरतेस. रिकामा असला तरी धरतेस. मला ओठ दिसू नयेत म्हणून ना?”

कप आत्ताही हातात होता. वर येत होता की नाही, मला आठवत नाही. मी तो खाली ठेवला.

“आई, मी परत येणार नाहीये. इथेच राहणार आहे. वर्षातून एकदा येईन, पण राहायला नाही.”

वहिनींचा हात हलला, चित्र डुचमळलं. आईने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

“नीट दिसलं नाही. परत बोल.”

परत बोलले. एकदा सांगताना जीव गेला होता, दुसऱ्यांदा रडू फुटलं, तरी तोंड झाकलं नाही.

“अजून एकदा.”

“आई, पुरे गं! नेट चांगलं आहे वहिनींचं. काय दिसत नाहीये तुला?”

“दिसलं गं, पहिल्या वेळीच दिसलं,” आई म्हणाली. “किती दिवसांनी तोंड उघडं ठेवून बोलतेयस. जरा बघू दे.”

मग तिने फोन वहिनींकडे दिला, खाली वाकली आणि वायर काढायला लागली.