सुरतेची गाडी, धुळ्याचं पासिंग

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात मोठी वस्तू यायची ती सुरतेहूनच. शिलाई मशीन सुरतेचं, लोखंडी कपाट सुरतेचं, दोन्ही लेकींच्या लग्नाचे बस्तेसुद्धा सुरतेचे. थोरला बन्सीलाल ऐन विशीत तिकडं गेला, कापडबाजारात साड्यांची पार्सलं पोहोचवण्याच्या धंद्यात पडला आणि तिथलाच झाला. तेव्हापासून घरात काही घ्यायचं निघालं की त्याची आई यशोदाबाई, जिला सगळं घर अक्का म्हणायचं, एवढंच बोलायची, "बन्सीले विचार." तीच वस्तू धुळ्याच्या बाजारात कशी मिळते हे पाहायला कुणी कधी गेलं नव्हतं. तसं पाहणं म्हणजे बन्सीलालवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

धाकट्या अमृतची बायको सारिका धरणगावची. जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली, लग्नानंतर काही वर्षं एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळलेली. नोकरी गेली तेव्हा तिनं घरामागच्या खोलीत काळ्या मसाल्याचा धंदा सुरू केला. मिरची वाळली की नाही हे ती नुसतं हाताला लावून ठरवत नसे. उन्हात घालण्याआधी वजन, काढल्यावर वजन. मसाला महिनोन्‌महिने टिकायचा. शहरातल्या पाचकंदिलापासून सोनगीरपर्यंतचे दुकानदार नाव घेऊन मागायचे.

अडायचं ते माल पोहोचवण्यापाशी. वना नावाचा टेम्पोवाला होता. तो आला तर आला.

"ताई, आज कांद्याचं भाडं भेटलं," तो फोनवर हसत सांगायचा. "तुमचा मसाला काय पळून चालला का? उद्या नेऊ."

अशा कितीतरी उद्यांनंतर सारिकानं मालवाहू रिक्षा चालवायला शिकून लायसन्स काढलं आणि धुळ्यातल्या एका दुकानात विजेवरच्या तीनचाकीची चौकशी केली. तिथल्या तेजसनं गाडी दाखवली, चालवून पाहू दिली. सारिकानं मसाल्याची पोती सोबत नेली होती. ती पोती गाडीत टाकून ती लळिंगचा घाट चढून आली, बॅटरी किती उतरली ते पाहिलं, आणि मग खुर्चीवर बसली.

"आता किमतीतल्या सुटीचं सांगा."

"राज्य सरकारची सूट बिलातच वजा होईल, मॅडम. पण गाडी महाराष्ट्रात विकलेली पाहिजे आणि पासिंगही इथलंच पाहिजे. दोन्ही."

"दोन्ही," सारिका म्हणाली. घरी येऊन तिनं सरकारचा जीआर शोधून स्वतः वाचला. तेजस बरोबर सांगत होता. तिनं आगाऊ पैसे भरून गाडी नोंदवून टाकली.

सूट धरली तर तिची साठवण आणि बँकेचं कर्ज यांत गाडी बसत होती. सूट नसेल तर थोडं कमी पडत होतं. ते भरून द्यायला बन्सीलाल एका पायावर तयार झाला असता, आणि सारिकाला भीती होती ती त्याचीच. कांडप मशीन त्यानंच घेऊन दिलं होतं. मनानं चांगला माणूस. पण दोन वर्षांपूर्वी ऐन मसाल्याच्या हंगामात त्यानं ते मशीन अंमळनेरच्या मामेभावाला देऊन टाकलं. "महिनाभरासाठी तर मागतोय," एवढंच म्हणाला. सारिकाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. मशीन त्याचं होतं. तो सगळा हंगाम तिनं दुसऱ्याच्या गिरणीत रांग लावून काढला.

"भाऊंना सांगा," तिनं अमृतला बजावलं. "गाडी इथं घेतेय, माझ्या नावावर. काही पाठवू नका म्हणावं."

"सांगतो," अमृत म्हणाला. तो एमआयडीसीत नोकरीला होता. स्वभावानं असा की भांडण दिसलं तर गल्ली बदलून जाईल.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सकाळी घरात खापरावर मांडे पडत होते आणि आंब्यांचा रस काढून ठेवलेला होता. गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. तेवढ्यात दारात ट्रक येऊन थांबला. पुढून बन्सीलाल उतरला. मागे ताडपत्रीखाली एक कोरी करकरीत विजेवरची तीनचाकी उभी होती, तिच्या आरशाला झेंडूची माळ.

"घे सारिका!" तो रस्त्यातूनच ओरडला. "एकदम सरस गाडी आणली. माझ्या मित्राचीच एजन्सी. नवापूरपासून अवकाळी पाऊस लागेल म्हणून ताडपत्री घातली, नाहीतर सगळ्या रस्त्यानं मिरवत आणली असती."

सारिकाच्या हाताला मांड्याचं पीठ होतं. तिनं अमृतकडं पाहिलं.

"सांगितलं होतं ना?"

"गाडी घेतेय हे सांगितलं," अमृत हळूच म्हणाला. "बाकीचं... राहून गेलं."

अक्का तोवर आरतीचं ताट घेऊन बाहेर आली होती. ताटात कुंकू, दिवा, नारळ. त्या घरची रीत अशी की नव्या वस्तूवर कुंकवाची बोटं उमटली, नारळ फुटला, की ती वस्तू घरातली झाली. मग तिला नाही म्हणणं म्हणजे लक्ष्मीला हाकलणं. आरतीचं ताट घेऊन निघालेली अक्का आत्तापर्यंत कधी मागे फिरली नव्हती. सारिकाला ठाऊक होतं, जे बोलायचं ते नारळाआधी.

"भाऊ, अजून उतरवू नका," ती म्हणाली.

"का गं?"

"बिल कोणाच्या नावानं आहे?"

"माझ्या. आपल्याकडं मोठी वस्तू माझ्याच नावावर येते. घरात कुठं वेगळं आहे?"

"आणि सरकारची सूट?"

"सूट सगळीकडं मिळते. पासिंग पाहिजे तर धुळ्यात करू, आपली ओळख आहे."

"पासिंग इथं केलं तरी विक्री सुरतेचीच राहिली. आपल्या राज्याच्या सुटीला विक्रीही इथलीच लागते. मी वाचलंय."

बन्सीलाल मोकळेपणानं हसला. "अगं मग सोड ना ती सूट! कमी पडेल ते मी टाकतो. मी काय परका आहे?"

"परके नाही. म्हणूनच नको."

झोक्यावरची गाणी थांबली होती. शेजारच्या बायका ओट्यावर आल्या. अक्का ताट घेऊन तशीच उभी होती.

"बाई, दारवर येल गाडीले नही म्हनतस का?" ती म्हणाली. "आखाजी शे आज."

"अक्का, मशीन आठवतं ना? गिरणीच्या रांगेत मी उभी होते आणि माझी मिरची अवकाळी पावसात भिजली. मशीन भाऊंचं होतं म्हणून मी तोंड उघडलं नाही. गाडीही भाऊंचीच असली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि एक दिवस तीही कुणी घेऊन जाईल. मला माझी पाहिजे."

"मशीनचं अजून काढतेस?" बन्सीलालचा आवाज चढला. "उपकार करून चूक झाली म्हण की!"

"चूक झाली असं म्हणत नाही. एकदा विचारायला हवं होतं. आजही तेवढंच म्हणतेय."

ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "शेठ, उतरवू का नको, एकदा ठरवा. सणाचं मलाही घर आहे."

सारिकानं हात पदराला पुसले. मध्ये एक-दोनदा तिला वाटून गेलं, घ्यावी गाडी, सण गोडीत पार पडेल. पण हो म्हटलेलं पुढं सगळं आयुष्य निस्तरावं लागणार होतं, आणि सण संध्याकाळपर्यंतचा होता.

"भाऊ, तुमची पार्सलं अजून पेट्रोलच्या रिक्षातनं जातात," ती म्हणाली. "भाड्याच्या. तुम्हीच मागच्या दिवाळीत रडत होता. ही गाडी तुमच्या नावावर आहे, सुरतेची आहे. तिथं तिला काय सवलत मिळते ते तिथं विचारा. बाजारात ती रोज लागेल तुम्हाला. नारळ आज फुटू दे, पण तुमची गाडी म्हणून."

बन्सीलालनं अमृतकडं पाहिलं. इतकी वर्षं त्याला तिथून होकारच मिळत आला होता. अमृतनं पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली.

"परत ने, भाऊ," तो म्हणाला. "सांगायचं माझ्याकडून राहिलं. पण ती म्हणते तसंच आहे."

अक्का पुढं झाली. ट्रकची फळी पाडायला लावली, स्टुलावर चढली आणि गाडीच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं ओढली. "बन्सीनी गाडी शे," ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि नारळ फोडला.

बन्सीलाल जेवायला बसला, कारण आईनं ताट वाढलं होतं. मांडे खाल्ले, रस दोनदा मागून घेतला, सारिकाशी मात्र चकार शब्द नाही. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आजपासून या घरात सुरतेहून सुईसुद्धा येणार नाही."

"फराळाचं बांधलंय, वहिनींना द्या," सारिका म्हणाली आणि पिशवी पुढं केली. त्यानं ती घेतली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दुकानात लग्नसराईची गर्दी, त्यात तेजस म्हणू लागला, "मॅडम, सुटीचं वरून अडकलंय. आत्ता पूर्ण किंमत भरून टाका, मागाहून बघू." सारिका "नाही" म्हणाली. ती रोज सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या वेळी जाऊन बसायची. भांडायची नाही, बसायची. सोबत मसाल्याची लेबलं कापत. गिऱ्हाइकं विचारायची, ह्या बाई कोण, आणि तेजसला सांगावं लागायचं. शेवटी त्यानंच मालकाच्या मागं लागून सूट वजा केलेलं बिल तिच्या नावानं काढून दिलं आणि म्हणाला, "उद्यापासून लेबलं घरी कापा, ताई."

गाडीवर धुळ्याचा, एमएच-अठराचा नंबर आला. अक्कानं कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि चाकाखाली लिंबू ठेवताना पुटपुटली, "हाई तुन्ही." ही तुझी.

पहिला माल सोनगीरचा होता. तिथल्या स्टँडवर वना टेम्पोला टेकून उभा होता.

"ताई, आवाज तर येतच नाही! चालू आहे का ढकलत आणली?"

"मसाला पळून चालला होता, वना," ती म्हणाली. "म्हणून त्याच्या मागं आले."

तो खो खो हसला आणि पोती उतरवायला स्वतःहून पुढं झाला. तेवढ्यात फोन वाजला. आखाजीनंतर पहिल्यांदाच बन्सीलालचं नाव दिसलं.

"सारिका," तो घसा खाकरत म्हणाला, "अमृत सांगत होता त्या लळिंगच्या घाटात तू माल किती भरला होतास गं? माझी गाडी पुलावर चढताना जीव काढते. इथल्या पोरांना काही समजत नाही."

"सांगते, भाऊ. सगळं नीट सांगते," ती म्हणाली. "पण थोड्या वेळानं. अजून तीन दुकानं राहिलीत, आणि गाडीवर मी एकटीच आहे."

फोन ठेवून तिनं चावी फिरवली.