मीठ आणि ओला रुमाल

मी एक जुने मीठ आहे, मित्रांनो. पण मला आमटीत घालायला जाऊ नका, जिवावर बेतेल. मी चिमटीत येत नाही. मी खडा नाही, भुकटीही नाही. मी पातळ आहे. माझा रंग मधासारखा आहे आणि बाटली कलंडली की मी मधासारखेच सावकाश सरकते. शिकलेली माणसे मला आयनिक द्रव म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण जात मिठाचीच.

तुम्ही म्हणाल, मीठ आणि पातळ कसे? ऐका तर. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठात दोन प्रकारचे कण असतात. ते एकमेकांना घट्ट धरून पंगतीला बसल्यासारखे ओळीत बसतात, म्हणून त्याचा कडक खडा होतो. माझ्यातही दोन प्रकारचे कण आहेत, पण त्यातला एक अंगाने मोठा आणि वेडावाकडा. त्याला दीड पाट लागतो. पंगत काही केल्या सरळ होत नाही, म्हणून थंडीतही मी गोठत नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाला. सबीहा नावाच्या मुलीने मला तयार केले. ती भिवंडीच्या कामतघरची, यंत्रमागावर कापड विणणाऱ्या मागवाल्याची लेक. तेव्हा माझे काय कौतुक झाले! पेट्रोल उघडे ठेवले तर उडून जाते. मी वर्षभर उघडे राहिले तरी उडत नाही. मला वास नाही. काडी लावली तरी मी सहज पेट घेत नाही. माझ्यातून वीज वाट काढते. माझ्या नात्यातली काही मिठे बॅटऱ्यांच्या कामाला लागली, काही धातूवर मुलामा चढवू लागली. माझ्या वाट्याला वेगळेच काम आले. मी सुती कापड विरघळवते.

हे काम भल्याभल्यांना जमत नाही. सुती सदरा पाण्यात घाला, रॉकेलात घाला, तो भिजेल, पण विरघळणार नाही. मला तापवून माझ्यात घाला, तो साखरेसारखा नाहीसा होईल. आणि कापड सूत आणि पॉलिएस्टर मिसळून विणलेले असेल, तर सूत माझ्यात उतरते आणि पॉलिएस्टर तसेच उरते. मग ते बाहेर काढायचे आणि माझ्यात पाणी ओतायचे, की सूत पांढऱ्या लगद्यासारखे पुन्हा वर येते. त्याचा नवा धागा होऊ शकतो. शेवटी पाणी तापवून काढून टाकले की मी पुन्हा कामाला तयार.

मात्र माझी एक खोड आहे. मला पाण्याची भारी हाव. झाकण उघडे राहिले तर मी हवेतला ओलावासुद्धा पिते. आणि पाणी प्यायलेले मीठ सुताकडे ढुंकून बघत नाही. म्हणून पाणी कामानंतर चालते, कामाआधी मुळीच नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातले सगळे दुःख या एका गोष्टीतून आले.

कौतुक फार टिकत नाही. सबीहाचे शिक्षण संपले, प्रयोगशाळेत नव्या बाटल्या आल्या आणि मी कपाटाच्या तळाला गेले. कितीतरी वर्षे मी धूळ पाहिली. एके दिवशी कपाट रिकामे करायचे ठरले, तेव्हा सबीहा आली आणि रीतसर विचारून मला घेऊन गेली. भिवंडीच्या नाक्यापासून कामतघरपर्यंत रिक्षात मी तिच्या मांडीवर होते. रस्त्यातला एकही खड्डा तिने मला लागू दिला नाही.

तिचे वडील अब्दुर्रहमान यांच्या कारखान्यात सहा माग होते. त्यातले चार थंड पडलेले. जो तो माग विकून जागा गोदामाला देत होता, आणि त्यांच्याकडेही एक गोदामवाला खेपा घालत होता. सबीहाने कोपऱ्यातली खोली मागितली आणि तिथे माझे बस्तान बसवले. जवळच्या कोन गावच्या गोदूबाई चिंध्या निवडायला येत. "एवढ्या चिंध्यांचं करतेस काय गो पोरी?" असे त्या रोज विचारत आणि रोज हसत.

अब्दुर्रहमान मात्र हसत नसत आणि विचारतही नसत. खोलीच्या दारात उभे राहून बघत आणि निघून जात. एकदाच त्यांनी विचारले, "ह्या बाटलीत काय हाय?"

सबीहा घाईत होती. "मीठच हाय, अब्बा," ती म्हणाली आणि कामाला लागली.

खोटे नव्हते ते. पण खरेही पुरते नव्हते. अब्बांना हे कळायचे नाही, असे तिने मनात धरले होते. चार वाक्ये सांगायची, तिथे तिने दोन शब्दांवर भागवले.

पुढे सूतगिरणीचे एक गृहस्थ, हितेश नावाचे, माझे काम पाहायला यायचे ठरले. त्यांना मिश्र कापडातून सूत वेगळे करून हवे होते. आदल्या संध्याकाळी अब्दुर्रहमान लेकीला म्हणाले, "उद्या तुझं काम त्याला पटलं तर जागा तुझी. न्हाय पटलं तर रविवारी गोदामवाल्याला चावी देतो. माझ्याच्यानं आता निभत न्हाय."

सबीहाने त्या संध्याकाळी मला तापवले, पंपाने हवा ओढून माझ्यातला उरलासुरला ओलावा काढला आणि झाकण घट्ट लावले. मी छान घट्ट झाले होते. असे कोरडे असले की मला माझेच बळ वाटते.

सकाळी नमाज पढून अब्दुर्रहमान कारखान्यात आले. जानेवारीचा कोरडा वारा सुटला होता. असल्या हवेत मागावरचा धागा तटातट तुटतो, म्हणून मागवाले जमिनीवर पाणी शिंपडतात आणि ओली गोणपाटे टांगतात. चाळीस वर्षांची ती सवय. त्यांनी माझी खोली झाडली. टेबल पुसले. जमिनीवर पाणी शिंपडले. खिडकीला ओले गोणपाट लावले. मी घाबरले, पण झाकण घट्ट होते.

मग त्यांनी मला उचलले आणि उजेडात धरून कलंडवले. मी सावकाश सरकले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आळलं की हे, खळीसारखं," ते स्वतःशीच म्हणाले. "पोरीची फजिती होईल."

धाग्याला लावायची खळ आळली की तिच्यात पाण्याचे शिंतोडे मारून ती ढवळायची, हे तर मागवाल्याच्या हाताला पाठच असते. आणि मीठ तर पाण्यात विरघळतेच. त्यांनी माझे झाकण काढले, हाताने पाणी मारले, काडीने हलक्या हाताने ढवळले. मग खांद्यावरचा चौकटीचा रुमाल भिजवून बाटलीच्या तोंडावर पसरला, खळीच्या भांड्यावर पसरतात तसा. जरा वेळाने त्यांनी मला पुन्हा कलंडवले. मी पाण्यासारखे धावले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. मित्रांनो, लेकीच्या कामाला त्यांनी लावलेला तो पहिला हात होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते. ते पाणी पिताना मला कसे वाटले, ते सांगता येत नाही.

रुमाल बराच वेळ तसाच होता. सबीहाची चाहूल लागली तशी त्यांनी तो काढून खुंटीला टांगला, झाकण लावले आणि काहीच न केल्यासारखे बाहेर जाऊन उभे राहिले.

हितेश आले. सबीहाने मला काचेच्या भांड्यात ओतून तापवले आणि कापडाचे तुकडे घातले. मी पातळ वाटत होते, पण तापल्यामुळे असेल असे तिने समजले. मी जीव तोडून प्रयत्न केला. कापड भिजले, फुगले आणि तसेच राहिले. सबीहा ढवळत राहिली. हितेशनी आधी घड्याळ पाहिले, मग छताकडे पाहिले.

"आयडिया चांगली आहे, मॅडम. मी कळवतो," ते म्हणाले.

भिवंडीत 'कळवतो' म्हणजे काय, हे शेंबडे पोरही जाणते.

ते गेल्यावर अब्दुर्रहमान आत आले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे बेटा. तू कोशिश केलीस." आणि गोदामवाल्याला फोन करायला बाहेर गेले. ते इतक्या मायेने बोलले की मला ते ऐकवेना.

सबीहा सुन्न बसली होती. मला पुन्हा बाटलीत भरून गोदूबाईंनी विचारले, "हे आता गटारात वतू का गो? वास न्हाय, काय न्हाय, पानीच हाय."

"ओता," सबीहा म्हणाली.

माझे पाणी पाणी झाले. गटारातून मी नाल्यात जाणार, नाल्यातून खाडीत. मला वास नाही, हे माझे मोठेपण म्हणून सांगतात. पण त्यामुळेच मी पाण्यात मिसळले तर कोणाला पत्ताही लागत नाही. माशांना मात्र लागतो. हवेला मी त्रास देत नाही म्हणून पाण्यालाही देत नाही, असे समजू नका.

गोदूबाई मला घेऊन दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. "शेटचा रुमाल हितं कसा? आनि वल्ला कच्च!"

सबीहाने मान वर केली. तिने रुमाल पाहिला. खिडकीतले गोणपाट पाहिले. पुसलेले टेबल पाहिले. मग गोदूबाईंच्या हातून मला घेऊन कलंडवले आणि मी धावले. तिचा चेहरा पांढरा पडला.

"शेटनी केलं काय?" गोदूबाईंनी हळूच विचारले.

"गोदूबाई, तुम्हाला माझी शपथ. हे अब्बांना कधी बोलायचं न्हाय." तिने रुमाल पिळला, घडी करून पिशवीत टाकला आणि मला छातीशी धरून ती खूप रडली.

मला कोरडे करून हितेशना पुन्हा बोलवायचे, तर आधी काय चुकले ते अब्बांसमोर सांगावे लागले असते. ठरल्याप्रमाणे रविवारी चावी गेली. माग भंगारात गेले. आता तिथे खोक्यांच्या राशी आहेत आणि दिवसभर टेम्पो उभे असतात. मी घराच्या गच्चीवरच्या खोलीत आले. अब्दुर्रहमान दिवसभर खुर्चीत बसून असत. मागाच्या खडखडाटाची सवय असलेल्या माणसाला शांतता खायला उठते.

काही महिन्यांनी सबीहाने मला पुन्हा तापवून कोरडे केले. अब्दुर्रहमान जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. या वेळी सबीहाने त्यांना आत बोलावले. पिशवीतला तोच चौकटीचा रुमाल काढून त्याचा कोपरा कातरला आणि माझ्यात सोडला. बघता बघता सूत नाहीसे झाले. अब्दुर्रहमान खाली वाकून पाहत राहिले. चाळीस वर्षे त्यांनी कापड होताना पाहिले होते. नाहीसे होताना पहिल्यांदाच पाहिले.

"मग त्या दिवशी का न्हाय झालं?" त्यांनी विचारले.

सबीहाच्या आनंदाला भरती आली होती. बाटलीत काय आहे हे विचारल्यानंतर अब्बा आज पहिल्यांदाच काही विचारत होते आणि ती सांगत सुटली. सगळे सांगितले, कणांची पंगतही. "आणि हे कोरडंच लागतं, अब्बा. घट्ट असलं तरच चांगलं. पाण्याचा थेंब जरी गेला तरी..."

ती थांबली. पण उशीर झाला होता. अब्दुर्रहमान खुर्चीवर बसले. उरलेला रुमाल उचलून त्यांनी ओळखला.

"म्हणजे मी," ते म्हणाले.

"अब्बा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं."

ते रुमालाचा कातरलेला कोपरा चाचपत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "नंतर न्हाय सांगितलंस, ते कळलं मला," ते म्हणाले. "पण आधी का न्हाय सांगितलंस बेटा? पाणी चालत न्हाय, एवढंच. मी दारात राखण केली असती."

सबीहाने माझे झाकण उचलून त्यांच्या हातात दिले.

मित्रांनो, मी आता म्हातारे झाले आहे. आणखी किती कापड माझ्यात विरघळायचे आहे, ठाऊक नाही. माझी निगा थोडकी आहे. झाकण घट्ट लावा. माझे काम संपले तरी मला गटारात ओतू नका. आणि घरात एखादी गोष्ट जपत असाल, तर ती कशी जपायची हे घरातल्या माणसांनाही सांगा. 'त्यांना काय कळणार' असे मनात धरून बसू नका. माया करणारे हात गप्प राहत नाहीत. त्यांना जे ठाऊक असते, तेच ते करतात.

हल्ली अब्दुर्रहमान रोज सकाळी नमाज पढून गच्चीवर येतात. आधी हात कोरडे पुसतात. मग अंगठ्याने माझे झाकण दाबून पाहतात.