बुजवलेली खिडकी

आमच्या घराच्या दारावरच्या दगडात १६३७ साल कोरलंय आणि त्या साली इथे संसार मांडलेल्या नवराबायकोची आद्याक्षरं. गावात अशी चार घरं उरलीत, चारही सरकारच्या वारसा यादीत. म्हणजे घर तुमचं, पण खिळा ठोकायचा तरी नगरपालिकेला विचारा. या नियमाला सगळं गाव शिव्या घालतं. मी मात्र त्याच्याच आड चाळीस वर्षं लपलो.

वरच्या खोलीत, समुद्राकडच्या भिंतीत, एक खिडकी बुजवलेली होती. जुन्या काळी खिडक्यांवर कर होता, तो वाचवायला कुणीतरी ती दगडांनी भरून टाकली. लग्न होऊन आल्या आल्या इशबेलने भिंतीवर टकटक करून ती शोधून काढली. इशबेल डोंगरातल्या मेंढपाळांची मुलगी. मी मासेमारीच्या बोटीवर, दहा-दहा दिवस बाहेर. मूलबाळ झालं नाही.

"डूगल, एवढी खिडकी उघडून दे रे," ती म्हणायची. "भिंतीशी किती बोलायचं माणसाने?"

आमच्या बंदरात एक समजूत आहे. निघालेली बोट दिसेनाशी होईपर्यंत कुणी बघत राहिलं, तर ती परत येत नाही. बायका धक्क्यावरून आधीच पाठ फिरवतात. इशबेल याला हसायची. खिडकी मिळाली असती तर ती शेवटपर्यंत बघत बसली असती, याची मला खात्री होती आणि भीतीही. म्हणून मी सांगून टाकलं, की अर्ज केला होता, नगरपालिकेने नाही म्हटलं. दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा तेच सांगायचो. मग तिने विचारणं सोडलं.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता भिंतीशी बोलायची पाळी माझी आहे.

या हिवाळ्यात वाऱ्याने त्या भिंतीचा चुन्याचा गिलावा पाडला आणि नगरपालिकेची मॉर्वेन लॉकी पाहणीला आली. खिडकीची दगडी चौकट उघडी पडली होती. चोराच्या मनात चांदणं. मी न विचारता चहा केला, बिस्किटं काढली. तिने आमच्या घराची फाइल चाळली.

"मिस्टर विशार्ट, ही उघडायला तुम्ही कधी अर्जच केला नाहीत का हो? समोरच्या घराला तर आम्ही लगेच परवानगी दिली होती."

"राहून गेलं," मी म्हणालो.

"मग आता उघडू या?"

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

मे महिन्यात गवंड्यांनी दगड काढले, काच बसवली. ते गेल्यावर मी इशबेलची खुर्ची तिथे ओढली आणि बोटी निघायच्या वेळी बसून राहिलो. एकही दिसली नाही. बंदराचं तोंड मिठाच्या जुन्या कोठाराआड जातं. खालून हे कधी लक्षात आलं नव्हतं, आणि वरून बघायची वेळ मीच येऊ दिली नव्हती.

त्या खिडकीतून दिसतो तो फक्त धक्क्यापासून आमच्या दारापर्यंतचा चढ. जाणारी बोट तिला कधी दिसलीच नसती. घरी येणारा मी तेवढा दिसलो असतो.