उसात उतरलेलं विमान

माझे वडील, आबा, सकाळी नऊला घराबाहेर पडले, ते दुपारचे चार वाजले तरी पत्ता नाही. रहिमतपूरच्या अलीकडं आमचा सलग ऊस, डोक्याच्या वर गेलेला, आणि मधे बिनकठड्याच्या दोन विहिरी. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण आता स्वतःच्या घराचं दार ओळखत नाही.

मी विमान उडवते. म्हणजे, उडवायची. कमर्शियल पायलटचा परवाना कपाटात आहे, नोकरी नाही. तीन वर्षं वाट बघून वैतागले आणि सांगलीत उदयसिंह सरांकडं ड्रोनचं शूटिंग शिकायला लागले. लग्नं, बारशी, काय वाट्टेल ते. पहिल्याच दिवशी सर हसले. "मॅडम, तुम्ही अजून विमानातच बसलाय. रिमोटची उजवी स्टिक मागं ओढली की हा वर चढत नाही, मागं जातो. वर न्यायला डावी." डोक्याला कळलं, हाताला कुठलं कळायला!

चुलतभाऊ कृष्णात बांधावर उभा राहून घसा फाटेस्तोवर हाका मारत होता. "संयू, तुजं ते यंत्र काय म्हणतंय? दिसलं का काय?"

"न्हाई रं दादा. दोन बॅटऱ्या संपल्या, ही शेवटची."

स्क्रीनवर नुसता हिरवा ऊस. सहज म्हणून कॅमेरा मागं फिरवला आणि पांढरी टोपी दिसली. ड्रोन उजवीकडं नेला, टोपी उजवीकडं. डावीकडं नेला, टोपी डावीकडं. रोज सकाळी मी सराव करायची, तेव्हा आबा कपाळावर हात धरून म्हणायचे, "माजी लेक चाललीया." आजही तसेच मागं निघाले असणार. आणि दुपारपासून त्यांना शोधायला म्हणून मीच त्यांना उसात फिरवत होते. माझ्याच हातांनी!

म्हटलं, ड्रोन घराकडं वळवून हळूहळू आणू, येतील मागनं. टोपी नजरेआड होऊ नये म्हणून कॅमेरा खाली ठेवला.

"संयू, तार! म्होरं तार हाय!" कृष्णात ओरडला.

हातांनी विमानातलंच केलं. वर चढायला उजवी स्टिक गचकन मागं ओढली. ड्रोन मागं गेला आणि आंब्यात घुसला. स्क्रीन काळी पडली. तो आंबा विहिरीच्या काठावर आहे.

किती पळाले, देवाला ठाऊक. पाल्यानं तोंड ओरबाडलं, चप्पल कुठं पडली कळलं नाही. "आबा, आवं आबा, जागचं हलू नका!" एवढंच ओरडत होते.

आबा विहिरीपासून दोन हातांवर मांडी घालून बसले होते. मांडीवर मोडका ड्रोन. त्याच्या पोटाला नखं लावून ओढत होते, बोटं रक्तानं भरलेली. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्यांनी माझा हात झटकला.

"सरका, बाई. माजी लेक आत हाय. दार उघडंना."

"आबा, मी हाय. संयोगिता. तुमची संयू."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. परक्या बाईकडं बघतात तसं, अदबीनं.

"मग तुमी बी जरा हात लावा की," ते म्हणाले. "गुदमरंल वं ती."

मी विहिरीकडं पाठ करून त्यांच्या पुढ्यात बसले आणि ड्रोनच्या पोटाला नखं लावली.