दुसऱ्याची तहान

“मावशी, आज पिठाच्या पोत्याची गोष्ट नको हं,” संस्थेत काम करणारी हनादी दारातूनच म्हणाली. “गेल्या खेपेला पाऊण तास पोतंच चाललं होतं. पाहुणे घड्याळं बघायला लागले.”

वस्फिया नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. ती वरचं बटण लावायला गेली की म्हातारा खालचं काढायचा. असं दोनदा झालं होतं.

“मी सांगून काय होणार? सांगायचं काम माझं, लक्षात ठेवायचं त्यांचं. आणि तिथेच तर सगळी बोंब आहे.”

“मी इथेच बसलोय,” अबू नायेफ म्हणाला. “बहिरा नाही झालो अजून.”

“नाही झालात. पण सकाळी दोनदा न्याहारी मागितलीत.”

“दुसऱ्यांदा दिलीस का?”

“दिली.”

“मग रडतेस कशाला?”

हनादी खळखळून हसली. वस्फियाही हसली, पण तिच्यात आता फारसं हसू उरलं नव्हतं. हिवाळ्यापासून ती पार थकून गेली होती. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी अबू नायेफ थोरल्या मुलाला जेवायला हाक मारायला म्हणून घराबाहेर पडला आणि निर्वासितांच्या छावणीच्या फाटकावर सैनिकांना सापडला. तो मुलगा, नायेफ, डेन्मार्कला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून वस्फिया दाराला आपली खाट लावून झोपायची.

“आता पुरे कर गं, हनादी,” ती म्हणाली. “तीस वर्षं बोलतोय तो माणूस. दमलाय.”

“मग कुणाला बोलवू? सांगा ना तुम्हीच. वर्षभरात तिघं गेले. आम्ही पोरं बोलतो, पण आमचा जन्मच इथला. पाहुण्यांना चालत आलेला माणूस बघायचा असतो.”

चालत तर वस्फियाही आली होती. सात वर्षांची होती तेव्हा. पण ते हनादीच्या ध्यानात आलं नाही, आणि वस्फियानंही आणून दिलं नाही.

अबू नायेफ गिलाव्याचं काम करायचा. जवळच्या सूर शहरातल्या निम्म्या भिंतींवरून आपला हात फिरलाय, असं तो सांगे आणि त्यात फारशी थाप नव्हती. पण छावणीत त्याचं नाव झालं ते बोलण्यामुळे. संस्थेच्या सभागृहात परदेशी पाहुणे आले की त्याला बोलावणं यायचं. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे चष्मा काढून पुसायचा, सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पाहुणे रडायचे, फोटो काढायचे, पत्र लिहू म्हणायचे. गाव मात्र होतं तिथेच, डोंगरापलीकडे. वस्फिया बाकीच्या बायकांबरोबर मागे कॉफी करायची. खळ्यावर ठेवून आलेल्या गव्हापर्यंत गोष्ट आली की दूध नसलेली ती काळी कॉफी उकळायला ठेवायची, आणि सीमा ओलांडली की तबक घेऊन निघायचं. एकदा एका परदेशी पोरीनं तिला विचारलं होतं, “आणि तुम्ही?” वस्फिया म्हणाली, “मी लहान होते,” आणि कप विसळायला निघून गेली.

आज मे महिन्यातला तो दिवस होता, सत्तरेक वर्षांपूर्वी लढाईत गाव सुटल्याचा. त्यामुळे सभागृहात वीसेक पाहुणे होते आणि त्यांच्या तिप्पट छावणीतली माणसं. पहिल्या रांगेत तमाम आत्या बसली होती.

तमाम आत्या म्हणजे वस्फियाच्या बापाची धाकटी बहीण. वय सत्त्याऐंशी. गुडघे गेलेले, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. गाव सुटलं तेव्हा ती सासरच्या माणसांबरोबर दुसऱ्या वाटेनं आली होती. तिची आई वस्फियाच्या घरच्यांबरोबर होती, आणि ती वाटेतच गेली. तेव्हापासून आत्याचं एकच पालुपद. लग्नात, मयतीत, बाळंतिणीला बघायला गेली तरी तेच. “माझी आई तहानेनं मेली हो. सुनेला घोटभर पाणी पाठवायला झालं नाही.” वस्फियाची आई, खझना, आधी रडून सांगायची, मग नुसतं सांगायची, की पाठवलं होतं, या पोरीच्या हातून पाठवलं होतं. सगळे वस्फियाकडे बघायचे. वस्फिया मान हलवायची, “दिलं होतं मी. प्यायली आजी.” आत्या म्हणायची, “माझ्या भावानं उचलली तेव्हा तिची जीभ लाकडासारखी होती. स्वतः पाजलं नाही ते नाही, वर पोरीला खोटं बोलायला पढवलं!” खझना मेली तेव्हा आत्या पाच गल्ल्या ओलांडून सांत्वनालाही आली नाही. याला छत्तीस वर्षं झाली होती.

अबू नायेफ बोलायला उभा राहिला. सुरुवात झकास झाली. पहाटेचा गोळीबार, बापानं सोडून दिलेली जनावरं, खळ्यावरचा गहू. पीठ सुद्धा त्यानं दोन वाक्यांत उरकलं. हनादी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. वस्फियानं तबक उचललं.

तेवढ्यात तो थांबला. बराच वेळ थांबला.

“मग सीमेवर पोचलात ना, काका?” हनादीनं आठवण करून दिली.

“मग आईनं डबा भरला,” अबू नायेफ म्हणाला.

त्याच्या गोष्टीत डबा नव्हता. तीस वर्षांत कधीच नव्हता. वस्फिया तबक घेऊन जागीच थांबली.

“ओहोळाचं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, आजीला नेऊन दे. आजी मागे राहिली होती, खर्रूबच्या झाडाखाली. तिला चालवत नव्हतं. मी निघालो. ऊन मी म्हणत होतं. मी एक घोट घेतला. मग वाटलं, आजी म्हातारी, तिला असं कितीसं लागणार? मग आणखी एक घेतला. झाड दिसायला लागलं तेव्हा डबा रिकामा होता. मी तिथूनच माघारी वळलो. आईला म्हणालो, दिलं. प्यायली.”

हे वस्फियानं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. आई गेली त्या आठवड्यात, संत्र्यांच्या तोडणीला दोघं नवराबायको बागेत होती तेव्हा. आत्या फिरकली नाही याचा संताप होता, आणि त्या संतापात तिच्या तोंडून निघून गेलं. तो एवढंच म्हणाला होता, “सात वर्षांची होतीस तू.” मग एक संत्रं सोलून त्यानं अर्धं तिच्या हातावर ठेवलं. पुन्हा कधी विषय काढला नाही. भांडणात सुद्धा नाही. बायकोला घालूनपाडून बोलायची वेळ कुठल्या नवऱ्यावर येत नाही? पण हे त्यानं कधी काढलं नाही. आणि आज भरसभेत तो ते स्वतःचं म्हणून सांगत होता.

हनादी इंग्रजीत सांगत गेली. एका पाहुणीनं तोंडावर हात ठेवला. मागे छावणीतले लोक मात्र चुळबुळ करायला लागले. “याची आजी?” कुणीतरी पुटपुटलं. “ती तर इथेच गेली, नव्वदीची होऊन. मी खांदा दिलाय तिला.” कुणीतरी फिदकन हसलं.

पहिल्या रांगेत काठी आपटली.

“कुठलं खर्रूब?” तमाम आत्यानं विचारलं.

“ओहोळाच्या वळणावरचं,” अबू नायेफ म्हणाला. “दुभंगलेल्या बुंध्याचं.”

“तिथे माझी आई बसली होती.”

पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. त्यांच्यातल्या एकानं कॅमेरा वर केला. हनादी लगबगीनं वस्फियाजवळ आली. “मावशी, मी सांगते की त्यांची तब्येत बरी नाही, कुणाचं तरी ऐकलेलं त्यांच्या डोक्यात मिसळलं. सगळ्यांना माहितीच आहे. तुम्ही त्यांना खाली बसवा.”

इतकं सोपं होतं ते. कुणालाही खरं वाटलं असतं. नाही तरी हिवाळ्यापासून निम्मी छावणी म्हणतच होती की अबू नायेफचं टाळकं ठिकाणावर नाही. वस्फियानं नुसती मान हलवायची होती, आणि मान हलवायची तर तिला लहानपणापासून सवय होती.

पण अबू नायेफ रडत होता. दर खेपेला चष्मा पुसताना रडायचा तसं नव्हे. नाकातून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. “मी लहान होतो हो,” तो आत्याला सांगत होता. “मला तहान लागली होती. मी मुद्दाम नाही केलं. आईला बोलू नका. आईनं पाठवलं होतं.”

वस्फियाला आधी त्याचा राग आला. इतकी वर्षं सांभाळलंस आणि शेवटी असं चव्हाट्यावर मांडलंस! मग तिच्या लक्षात आलं की त्याचं गाव, त्याची जनावरं, त्याचा पोरगा, एकेक करून सगळं त्याच्या डोक्यातून चाललंय, आणि जे उरलंय ते त्याचं नाहीच, तिचं आहे. आपलं पाप हा उचलून चाललाय आणि त्याला ते माहीतही नाही. तिनं तबक पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलं, पुढे गेली आणि आपल्या ओढणीनं त्याचं नाक पुसलं.

“रडू नका,” ती म्हणाली. “तुम्ही काही केलेलं नाही.”

मग ती आत्याकडे वळली. “आत्या, ते मी केलं. डबा माझ्या हातात होता. आईनं काठोकाठ भरून दिला होता, मी प्यायले. आणि आईनं मला काही पढवलं नव्हतं. खोटं मीच बोलले.”

कॅमेऱ्याचा माणूस हनादीला काहीतरी विचारायला लागला. हनादी वस्फियाकडे बघत राहिली. “हे सांगू का त्यांना?”

“कॉफी घ्या म्हणावं,” वस्फिया म्हणाली. “थंड होतेय.”

तमाम आत्या उठली. तिला उठायला वेळ लागायचा, आणि आज कुणाची हात द्यायची छाती झाली नाही. एकेक खुर्ची धरत ती दारापर्यंत गेली. बाहेर पडताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्फियानं नवऱ्याला शेजारणीच्या हवाली केलं. “न्याहारी झाली आहे. कितीही म्हणाले तरी झाली आहे,” एवढं बजावून ती पाच गल्ल्या चालत आत्याकडे गेली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. आत्यानं दारातूनच हाकललं असतं तरी तिला नवल वाटलं नसतं, पण आत्याच्या सुनेनं तिला बसवलं, दोघींपुढे कॉफी ठेवली आणि शहाणपणानं आत निघून गेली.

वस्फियानं कप उचलला आणि न पिता तसाच परत खाली ठेवला.

आत्याच्या भुवया चढल्या. मुलगी मागायला किंवा खून मिटवायला आलेले लोक असं करतात. यजमान शब्द देईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही. पण ती पुरुषांची रीत, आणि तीही गावातली दहा मोठी माणसं बरोबर घेऊन.

“हे कुठनं शिकलीस? पुरुषांचं?”

“पुरुष कुठे उरलेत आत्या आपल्या माहेरी?”

आत्या कपाकडे बघत राहिली. “बोल, काय मागायला आलीस?”

“आईच्या कबरीवर ये. तिच्यासाठी फातिहाची दुआ वाच. एवढंच.”

“आणि तुझ्यासाठी?”

“माझ्यासाठी काही नको.”

बाहेर गॅसच्या टाक्यांची गाडी ठणठणाट करत गेली. आत्यानं काठी मांडीवर आडवी घेतली.

“किती मोठा होता डबा?”

“तुपाचा असतो तेवढा. दोरीची कडी लावलेला.”

“भरलेला होता?”

“काठोकाठ.”

आत्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “कसं होतं पाणी? त्या ओहोळावर मी लग्नापर्यंत घागरी भरल्यात, पण मला आता चव आठवत नाही बघ. काही केल्या आठवत नाही.”

“गोड होतं,” वस्फिया म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “फार गोड होतं, आत्या.”

आत्यानं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही की गप्प राहा म्हणाली नाही.

“तुला माफ केलं असं समजू नकोस,” मग ती म्हणाली.

“नाही समजत.”

“तुझी आई मरेपर्यंत मी तिला चारचौघांत तासलं. आणि तू समोर बसून ऐकत होतीस.”

“हो.”

“आणि काल-परवा मीच मेले असते तर? मग काय केलं असतंस?”

हाच प्रश्न वस्फियानं रात्रभर स्वतःला विचारला होता.

“पी ती कॉफी,” आत्या म्हणाली. “पार गार झाली. आणि माझे बूट दे, ते काळे. माझा हात पोचत नाही तिथवर.”

वस्फियानं गार कॉफी एका दमात संपवली. मग खाली बसून तिनं आत्याच्या सुजलेल्या पायांत एकेक बूट चढवला, नाड्या सैल बांधल्या. सून दारात येऊन म्हणाली, “अहो, ऊन किती आहे, गाडी बोलावते.” आत्यानं हात झटकून तिला गप्प केलं.

कब्रस्तान छावणीच्या वरच्या टोकाला होतं. दोघी भिंतीच्या सावलीनं निघाल्या. आत्याचा एक हात काठीवर, दुसरा वस्फियाच्या दंडावर, आणि दंडावरची ती पकड मायेची नव्हती. बोटं रुतत होती. वस्फियानं हात हलवला नाही. दर दहा पावलांवर आत्या थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा निघायची. कालची गोष्ट एव्हाना घरोघर झाली होती. बायका दारात येऊन उभ्या राहत होत्या, बोलत कुणीच नव्हतं.

चढावर भाजीवाल्यानं मात्र न राहवून विचारलं, “हज्जा, एवढ्या उन्हाचं निघालात कुठे?”

आत्या थांबली. दम खाल्ला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वहिनीकडे.”