सांडलेल्या चहाची फुलं

मित्रांनो, मी एक जुना टेबलक्लॉथ आहे. मला बघणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, "किती सुंदर फुलं!" खरं सांगू? ती सगळी फुलं म्हणजे सांडलेला चहा आहे.

शिंपीणमावशींनी जाड पांढरं सुती कापड चारही बाजूंनी दुमडून शिवलं, कडक इस्त्री केली आणि मला चर्चमागच्या हॉलमध्ये आणलं. तिथे दर वर्षी महिला मंडळाचा चहा असतो. बायका विणलेले स्वेटर, कापडी बाहुल्या, भरतकामाच्या उशा मांडतात. लोक चहा पितात, वस्तू विकत घेतात आणि त्यातून गरजू आजाऱ्यांची औषधं येतात. मला मधल्या लांब टेबलावर अंथरलं, तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

तो फार वेळ टिकला नाही. नुकतंच लग्न झालेली एक मुलगी पहिल्यांदाच चहा ओतत होती. तिचा हात लटपटला आणि माझ्यावर भला मोठा तपकिरी डाग पडला. ती रडकुंडीला आली. मीही खट्टू झालो. मावशी मात्र म्हणाल्या, "अगं, चहाच सांडलाय ना? बस इथे. सुई धर." डाग वाळल्यावर त्यांनी त्याच्या कडेने पेन्सिलीने पाकळ्या काढल्या आणि त्या मुलीकडूनच साखळीटाक्याने भरून घेतल्या. डाग कुठे गेला, मलाही कळलं नाही. मी थक्क होऊन स्वतःकडेच बघत राहिलो.

तेव्हापासून रीतच पडली. जिने सांडला, तिनेच फूल भरायचं. नर्सबाईंचं निळं फूल आलं, मुख्याध्यापिकाबाईंचं जरा वाकडंच आलं. दिवसभर भांडी घासून, आजाऱ्यांना उचलून थकलेले ते हात, सुई धरली की इतके हळुवार कसे होतात, याचं मला अजून नवल वाटतं. मावशींचं तेवढं एकही फूल नव्हतं. त्यांच्या हातून कधी थेंबही सांडला नाही. "मावशी, तुम्ही भारीच कंजूष!" असं म्हणून बायका त्यांना चिडवायच्या.

वर्षं गेली. मावशींची नजर अधू झाली, हात थरथरू लागले. ती लटपटलेली नवी नवरी आता मंडळाची अध्यक्षबाई झाली होती. माझं कौतुक एवढं वाढलं, की मला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायचं तिने ठरवलं. "टेबलावर प्लॅस्टिक घालू. याला आता चहाचा थेंब लागता कामा नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंतीवर लटकून मी करू काय?

त्या वर्षीच्या चहाच्या दिवशी मावशी काठी टेकत आल्या. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन चालला होता.

"एकच मागते," त्या म्हणाल्या. "आज याला टेबलावर अंथरा आणि पहिला कप मला ओतू द्या."

अध्यक्षबाई कचरली. "पण मावशी, तुमचे हात..."

"माझे हात मला ठाऊक आहेत गं."

नाही म्हणायचा कुणालाच धीर झाला नाही. मला अंथरलं. मावशींनी किटली उचलली. कप भरला, एक थेंबही न सांडता. आणि मग, मित्रांनो, मावशींनी किटली सावकाश बाजूला नेली आणि माझ्या मधोमध उरलेल्या कोऱ्या जागेवर चहाची धार सोडली. त्या वेळी त्यांचा हात मुळीच थरथरत नव्हता.

"अगंबाई, सांडला की!" मावशी म्हणाल्या. "आता फूल भरल्याशिवाय याला चौकटीत कसं घालणार? आणि मला तर सुई ओवताही येत नाही."

अध्यक्षबाई हसता हसता रडायला लागली.

मावशींनी शेजारची खुर्ची थोपटली. "बस इथे. सुई धर."

पहिली पाकळी तिने भरली. मग नर्सबाईंनी, मग मुख्याध्यापिकाबाईंनी, मग एकेकीने. मावशींनी ते फूल बोटांनी चाचपून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. इतके हात एका डागावर वाकलेले मी कधी पाहिले नव्हते.

चौकट आली तशी परत गेली. मित्रांनो, सुंदर वस्तू जरूर जपा, पण आम्हांला कोंडून ठेवू नका. वापरा, धुवा, फाटलं तर शिवा. मी अजून टेबलावरच असतो. कधी चहाला या. सांडला तरी चालेल.