पाहुण्यांचे कॉम्प्युटर

डोंगरातल्या सारी-चोकू गावच्या शाळेत कॉम्प्युटर आले, आणि आले ते पांघरूण घेऊनच. दहा कॉम्प्युटर आणि दहा मखमली झाकणं. झाकणांवर सोनेरी धाग्याचं भरतकाम होतं, मुख्याध्यापक जुमाबेकने गावातल्या बायकांकडून ते मुद्दाम करून घेतलं होतं. खोलीत नवीन गालिचा, खिडकीला पडदे, दाराला कुलूप. किल्ली जुमाबेकच्या कोटाच्या आतल्या खिशात.

बुरुल त्या शाळेत शेवटच्या वर्गाला गणित शिकवायची. जुमाबेक तिच्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ. म्हणजे शाळेत साहेब आणि घरी मोठा दीर. बिचारीला भांडायला जागाच नव्हती. घरी त्याच्यासमोर मान वर करून बोलायचं नाही आणि शाळेत आवाज चढवायचा नाही. मनात मात्र ती त्याच्याशी रोज भांडायची, स्वयंपाक करताना आणि गाय दोहतानासुद्धा.

“आगाय, परीक्षा महिन्यावर आलीय,” ती एकदा त्याच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. शाळेत मास्तरांना सगळे आगाय म्हणतात, तीही म्हणायची; तो मात्र तिला शाळेतही घरच्यासारखं सूनबाई म्हणायचा. “पोरांनी अजून माउसला बोटसुद्धा लावलेलं नाही. निदान दुपारचा एक तास तरी खोली उघडा.”

“उद्घाटन होऊ दे, सूनबाई. राजधानीहून ज्यांनी दिलेत ते स्वतः येणार आहेत.”

“आले की पुसून ठेवू.”

“वापरलेली वस्तू पुसून पाहुण्यांपुढे ठेवायची? तुझ्या माहेरी ठेवत असतील!” जुमाबेक हसला. शेजारी बसलेला हिशेबनीसही हसला, कारण साहेब हसले होते.

सारी-चोकूत प्रत्येक घरात पाहुण्यांसाठी गोधड्यांची चळत असते, पार आढ्यापर्यंत. घरचे लोक फाटक्यावर झोपतील, पण त्या चळतीला हात लावायचे नाहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गोधड्यांचं तसं केलं तर बिघडतही नाही म्हणा. गोधडीला परीक्षा नसते.

पोरांना होती. जिल्ह्याच्या गावी नर्सिंगचं कॉलेज आहे, त्याची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर होते. या गावातून बाहेर पडायला मुलींना तेवढी एकच वाट. मागच्या उन्हाळ्यात चोल्पोन तिथे गेली होती. बुरुलला इतक्या वर्षांत तिच्याइतकी हुशार मुलगी मिळाली नव्हती, उत्तर फळ्यावर लिहायच्या आत सांगायची. परीक्षेच्या खोलीत गेली आणि माउस हातात उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखून बसली. शहरातली पोरं खिदळली. कुणीतरी तिचा हात धरून तो खाली ठेवला, पण पडद्यावरचा बाण काही केल्या तिच्या उत्तरावर जाईना. वेळ संपली. पोरगी परत आली आणि दोन दिवस गोठ्यातून बाहेर आली नाही. शरदात तिचं लग्न झालं, तेही जुमाबेकच्याच धाकट्या मुलाशी. “शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी माझ्या घरात आली,” असं तो चारचौघांत सांगायचा. ते ऐकलं की बुरुलच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी उद्घाटनाचा दिवस उजाडला. शेवटच्या वर्गातली पोरं दोन-दोन करून कॉम्प्युटरसमोर बसवली. झाकणं काढली, कॉम्प्युटर सुरू केले, आणि जुमाबेकने सगळ्यांना बजावलं, “हात गुडघ्यावर. जो हलवील त्याचा कान माझ्या हातात.” राजधानीचे पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले. त्यांचा म्होरक्या चांगला गोल गरगरीत माणूस होता. तो मीरिम नावाच्या मुलीपाशी वाकला.

“काय काय शिकलीस बाळ यावर?”

मीरिमने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग जुमाबेककडे.

“सगळं शिकलेत!” जुमाबेकच म्हणाला. “लाजतात हो, डोंगरातली पोरं.”

पाहुणे कौतुकाने हसले. मीरिमचे हात गुडघ्यावरच होते. बुरुल भिंतीला टेकून दात-ओठ खात उभी होती. आत्ता बोलावं, आत्ता, असं तिला वाटत राहिलं आणि तेवढ्यात सगळे पाहुणे जेवायला निघालेसुद्धा. मेजवानी जुमाबेकच्या घरी होती, शाळेच्या कुंपणाला लागून. जाता जाता त्याने किल्ली तिच्या हातात दिली. “झाकणं घाल, कुलूप लाव आणि लगेच ये. चहा द्यायला बायका कमी आहेत.”

बुरुलने दार लावलं, पण आतून.

“पुन्हा बसा,” ती पोरांना म्हणाली. “हात वर घ्या. गुडघ्यावरचे हात टेबलावर.”

“एजे, मोठे आगाय मारतील,” बेक्तुर म्हणाला. एजे म्हणजे ताई. वर्गातला हा सगळ्यात उंच पोरगा झाकण हातात घेऊन त्याची व्यवस्थित घडी घालत होता. बुरुलने ते त्याच्या हातातून हिसकावलं आणि कोपऱ्यात भिरकावलं.

“आधी मला मारतील. तुझा नंबर लागेपर्यंत तू शिकून होशील. बस.”

मग त्या खोलीत जो गोंधळ उडाला तो ऐकण्यासारखा होता.

“एजे, माझा बाण पळाला!”

“मेंढरू आहे का पळायला? तिथेच असेल. हात टेबलावर ठेव, उचलू नकोस.”

“एजे, हा बघा, मला ढकलतोय!”

“बेक्तुर, घोड्याचा लगाम धरलायस का? मुंगी जाईल एवढं हलव, पुरे.”

“एजे, डावं बटण म्हणजे माझं डावं की त्याचं डावं?”

हसून हसून पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि थोड्याच वेळात हसणं आपोआप थांबलं, कारण सगळ्यांना जमायला लागलं होतं. बाण जिथे न्यायचा तिथे जात होता. एवढं सोपं होतं ते! बुरुल एकीकडून दुसरीकडे जात होती आणि तिचा राग वाढत होता. एवढ्याशासाठी, या एका दुपारच्या कामासाठी चोल्पोनचं आयुष्य वाया गेलं होतं.

“आता इंटरनेट,” ती म्हणाली. “या चौकटीत काहीही लिहा. हवं ते विचारा.”

“काय विचारू?” मीरिमने विचारलं.

“तुला हवं ते.”

मीरिमने थोडा विचार केला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःच्याच शाळेचं नाव लिहिलं. पान उघडलं. “एजे, आपण आहोत यात!” ती ओरडली आणि सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली.

पण ती पोरं त्यात नव्हती. जुमाबेक होता. राजधानीतल्या कुठल्याशा सभागृहात, छातीवर बिल्ला लावून, खोक्यांच्या ढिगाऱ्याशेजारी उभा. खाली लिहिलं होतं की सारी-चोकूच्या शाळेला दहा कॉम्प्युटर देण्यात आले आणि मुलांचं शिक्षण सुरू झालं. तारीख होती चोल्पोनच्या परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्याची.

“ही तीच खोकी ना?” बेक्तुरने विचारलं. “मग इतके दिवस होती कुठे?”

बुरुलला माहीत होतं. जुमाबेकच्या बैठकीच्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीखाली, एक लांबलचक ओटा त्याच हिवाळ्यात आला होता आणि कॉम्प्युटर शाळेत आले तेव्हा नाहीसा झाला होता. त्यावर नक्षीचा गालिचा घातलेला असायचा. सणासुदीला तिने स्वतः त्यावर भाकरीचं ताट ठेवलं होतं, आणि ओटा कशाचा आहे हे कधी गालिचा उचलून पाहिलं नव्हतं.

“तुम्ही इथून हलायचं नाही,” ती पोरांना म्हणाली. “कुणी आलं तरी नाही.” आणि ती तडक दिराच्या घरी गेली.

आत जमिनीवर अंथरलेला दस्तरखान खाण्याच्या पदार्थांनी भरलेला होता. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं म्होरक्यापुढे ठेवलं होतं. दाराजवळ चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवारपाशी चोल्पोन बसली होती, डोक्याला पांढरा रुमाल, नजर खाली. वाट्या रिकाम्या होऊन तिच्याकडे येत होत्या, ती अर्ध्या भरून परत देत होती. या भागात पाहुण्याला चहा अर्धाच देतात. अर्धी वाटी म्हणजे बसा, अजून देते. वाटी काठोकाठ भरून कुणी देत नाही. तशी दिली तर त्याचा अर्थ एकच होतो, उठा आणि आपल्या वाटेला लागा.

“सूनबाई, केवढा उशीर!” जुमाबेक म्हणाला. “बस, मदत कर.”

“कॉम्प्युटर तुमच्याकडे कधीपासून होते, आगाय?”

बोलणी थांबली. बुरुलची मान वर होती आणि आवाजही.

“आत्ता काय त्याचं? पाहुणे बसलेत.”

“पाहुणे बसलेत म्हणूनच विचारतेय! तुम्हाला पाहुण्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही ना? मागच्या परीक्षेच्या आधी आले होते ते. पोरांनी आत्ता वाचलं. तुम्ही त्यावर गोधड्या रचून ठेवल्यात!”

जुमाबेक लाजलाही नाही, तेच तिला सहन होईना. तो खरोखर गोंधळून गेला होता. “अगं, मग काय करणार? साहेब त्या हिवाळ्यात यायचे होते. घाट बंद झाला. मग साहेबांना वेळ नव्हता. बिनउद्घाटनाचे वापरायला काढायचे? गावाची काय शोभा राहिली असती? एक वर्ष इकडे की तिकडे. नीट सांभाळलेत मी, एक ओरखडा नाही.”

“ओरखडा त्यांच्यावर नाही!” बुरुल ओरडली. रागाने तिला रडू यायला लागलं होतं, आणि रडू येतंय याचाही तिला राग आला. ती सामोवारकडे वळली. “चोल्पोन, ऐकलंस? तू माउस रिमोटसारखा धरून बसलीस ना तिथे, तेव्हा दहा माउस या खोलीत होते. तू नवी नवरी म्हणून ज्या पडद्याआड बसलीस, तो त्या खोक्यांनाच बांधला होता!”

म्होरक्याने घसा खाकरला. “चुका होतात, ताई,” तो समजुतीने म्हणाला. “आज तर आनंदाचा दिवस आहे. चहा घेऊ या सगळे.” आणि त्याने आपली रिकामी वाटी चोल्पोनकडे पुढे केली.

चोल्पोनने ती घेतली. चहा ओतला, अर्ध्यावर थांबली नाही. वाटी काठापर्यंत भरली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी, मान लववून, म्होरक्यापुढे धरली. त्याचा चेहरा उतरला. मग तिने त्याच्या शेजाऱ्याची वाटी भरली, तशीच. मग हिशेबनिसाची. एकाही पाहुण्याने भरलेली वाटी तोंडाला लावली नाही.

शेवटची वाटी सासऱ्याची. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून चोल्पोन त्याच्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती वाटी भरून त्याच्यापुढे उभी राहिली. चहा सांडून तिच्या बोटांवर आला तरी तिने हात मागे घेतला नाही.

“घ्या, मामंजी,” ती म्हणाली. “हा तुमचा.”